अर्धा डेसिबल

माझा आवाज हळू आहे. बैठकीत माझे बोलणे ऐकण्यासाठी माणसांना पुढे वाकावे लागते, आणि लोक याला सौजन्य समजतात. माझा हात किती जड आहे हे मात्र बरीच वर्षे फक्त माझ्या पत्नीला ठाऊक होते. आज मी पंचावन्न वर्षांचा आहे. गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी मी माझ्या मित्राच्या कानाचा पडदा फाडला. निमित्त एका ॲम्प्लिफायरचे होते.

वीस वर्षांपूर्वी आम्ही सांगलीहून मैसूरला आलो. कडकोळच्या एका कारखान्यात मी मोजमाप विभागाचा प्रमुख आहे. पुरवठादाराकडून आलेला सुटा भाग केसभराने जास्त भरला तर तो परत पाठवणे हे माझे काम, आणि ते मी निष्ठुरपणे करतो. येलवालच्या अलीकडे आमचे घर आहे. वरच्या मजल्यावरची एक खोली मी संगीत ऐकण्यासाठी राखून ठेवली होती. चार महिन्यांच्या पगाराएवढी किंमत मोजून बेंगळुरूहून आणलेला तो ॲम्प्लिफायर त्या खोलीत होता. तीस किलो वजन, बोटभर जाडीचा ॲल्युमिनियमचा दर्शनी पत्रा, आणि लोण्यातून फिरावे तसे फिरणारे बटण. दुकानदाराने आधी एक साधे यंत्र वाजवून दाखवले होते, मग हे. दुसऱ्या वेळी गायिका दोन पावले पुढे येऊन गात आहे असे मला वाटले. दोन्ही यंत्रे सारख्याच पातळीवर वाजत होती का, हा प्रश्न मी विचारला नाही. तो विचारल्याशिवाय मी कारखान्यात साधा बोल्टही स्वीकारत नाही.

यंत्र घरी आल्यावर मी नियम केले. संध्याकाळी सहा ते आठ कुकरची शिट्टी होता कामा नये, मिक्सर चालता कामा नये, दार आपटता कामा नये. एका संध्याकाळी पत्नीने चटणीसाठी मिक्सर लावला. मी खाली गेलो, वायर ओढून काढली आणि स्टीलचे भांडे ओट्यावर फेकले. ते फुटले नाही, पण उसळून तिच्या पायावर आले आणि पात्याने तिचा अंगठा चिरला. फरशीवर ओले खोबरे आणि रक्त एकत्र झाले. तिने स्वतःच फडके बांधले. मी वर गेलो आणि अर्धवट राहिलेली चीज पुन्हा सुरुवातीपासून लावली.

दुसऱ्या दिवशी चहा देताना ती म्हणाली, “या घरात आवाज करायचा हक्क फक्त त्या पेटीला आहे, एवढं मला समजलं.”

“तुला फरक ऐकू येत नाही, यात तुझा दोष नाही,” मी उत्तरलो. अगदी हळू आवाजात.

माझ्या मित्राला मी ‘राव’ म्हणत असे. त्यांचे पूर्वज मैसूरच्या राजांच्या घोडदळात शिपाई होते. घरात आजही मराठी बोलतात, पण दर चार शब्दांनंतर कन्नड येते. देवराज मोहल्ल्यात शिंप्यांच्या दुकानांमध्ये त्यांची एक अरुंद खोली आहे; देवळांचे भोंगे, जुने रेडिओ, लग्नमंडपातले ॲम्प्लिफायर तिथे दुरुस्तीला येतात. ते आधी कान लावतात, मग मीटर. नुसत्या घरघरीवरून कुठला भाग गेला आहे हे ते सांगत. पाच वर्षे आमची मैत्री होती. एका फेकून दिलेल्या स्टॅबिलायझरच्या डब्यात त्यांनी स्वतः एक ॲम्प्लिफायर बांधला होता.

“सार, एक विचारू? रागवायचं नाही,” एका शनिवारी ते म्हणाले.

“विचारा, राव.”

“तुमचा ॲम्प अन् हा डबा. पडद्यामागं ठेवले तर ओळखाल?”

“बैलगाडी आणि आगगाडी ओळखायला डोळे लागतात का?”

“नाही लागत. आगगाडी उशिरा येते, त्यावरून कळतं.” ते स्वतःच्याच विनोदावर हसले. “उद्या रविवारी येतो. वहिनींना सांगा, पोहे पाहिजेत.”

तो रविवार मी पुष्कळदा पुन्हा जगलो आहे. दोन्ही यंत्रांवर मी चादर टाकली. ऐकायला आम्ही तिघे होतो: मी, शेजारचे निवृत्त बँक अधिकारी आणि माझ्या विभागातला एक सहकारी. राव यंत्रांमागे, खटका आम्हाला दिसणार नाही असे बसून, त्या खटक्याने कधी हे यंत्र जोडत, कधी ते; आणि आम्ही प्रत्येकाने कोणते वाजते आहे ते कागदावर लिहायचे. सुरू करण्यापूर्वी त्यांनी एक एकसुरी आवाज, म्हणजे टोन, लावला आणि स्पीकरच्या तारांना मीटर टेकवून दोन्ही यंत्रांची पातळी तंतोतंत सारखी केली. “हेच मुख्य, सार,” ते म्हणाले. “अर्धा डेसिबल जरी वर असला ना, कानाला मोठा वाटत नाही. स्वच्छ वाटतो, भारी वाटतो. दुकानातले लोक इथंच फसवतात.”

पहिल्या दहा फेऱ्या झाल्या. माझी चार उत्तरे बरोबर होती, सहकाऱ्याची सहा, बँकवाल्यांची पाच. नाणे उडवून उत्तरे लिहिली असती तरी याहून वेगळे काही झाले नसते.

“मला पाच,” बँकवाले म्हणाले. “म्हणजे माझे कान यांच्यापेक्षा महाग निघाले. विकायला काढू का?”

सगळे हसले. पोह्यांसाठी बोलवायला आलेली माझी पत्नी दारात उभी होती, तीही हसली. त्या क्षणी माझ्यात जे पेटले त्याला मी अनेक दिवस अपमान म्हणत राहिलो. तो शुद्ध राग होता, आणि तो सर्वांत जास्त तिच्यावर होता. हाताशी काही असते तर ते मी तिच्याच दिशेने फेकले असते.

राव माझ्या पत्नीबरोबर बशा आणायला खाली गेले. बँकवाले आणि सहकारी सज्जात गेले. मी चादर उचलली आणि माझ्या यंत्राचे बटण किंचित फिरवले. किती फिरवायचे हे बोटांना बरोबर कळले. तीस वर्षे मी तेच काम करतो आहे.

पुढच्या दहा फेऱ्यांत माझी दहाही उत्तरे बरोबर आली. इतरांची आठ आणि नऊ. सहकाऱ्याने माझी पाठ थोपटली. “आता कान उघडले म्हणायचे,” तो म्हणाला. मी नम्रपणे मान खाली घातली.

राव मात्र यंत्रांकडे वळले. त्यांनी तो एकसुरी आवाज पुन्हा लावला, मीटर टेकवला, खटका इकडे केला, तिकडे केला. मग उकिडवे बसून माझ्याकडे पाहिले.

“स्वल्पच फिरवलंत, सार. पण फिरवलंत.”

“बटण हलले असेल. चादरीचा धक्का लागला असेल.”

“ते बटण सुम्ने, उगाच, हलत नाही. त्याचेच तर एवढे पैसे घेतात.” ते हसत होते. मला सोडवण्यासाठीच ते सगळे हसण्यावारी नेत होते, हे आज मला स्वच्छ दिसते. “कडकोळला पण असंच मोजता काय?”

मी उठलो आणि उजव्या हाताने त्यांच्या डाव्या कानावर मारले. तळहात किंचित पोकळ होता. फुगवलेली कागदी पिशवी फोडावी तसा आवाज झाला. एक मारून थांबलो असतो तर आवेग म्हणता आले असते. मी पुन्हा त्याच जागी मारले. ते स्पीकरवर कोसळले, स्पीकर स्टँडवरून आडवा झाला, आणि पडलेल्या माणसाच्या बरगडीत मी लाथ घातली. ती लाथ मी नेम धरून घातली होती. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

पत्नी धावत आली. तिच्या हातात उलथणे होते. ते तिने माझ्या मनगटावर मारले, मग पुन्हा मारले, आणि माझी कॉलर धरून मला भिंतीपर्यंत मागे ओढले. सहकाऱ्याने यंत्रे बंद केली. खोलीत पूर्ण शांतता झाली. रावांच्या कानातून रक्ताची बारीक धार गळ्यापर्यंत आली होती.

“तो टोन बंद करा, सार,” ते म्हणाले.

टोन बंदच होता. त्यांनी आमचे चेहरे पाहिले, आणि तो सूर आपल्याच कानात वाजतो आहे हे त्यांना कळले.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारले तेव्हा रावांना मळमळत होते. उत्तर मी दिले. “स्पीकर कलंडून कानावर पडला.” माझ्या आवाजावर अविश्वास ठेवणे कठीण असते. डॉक्टरांनी तसेच लिहून घेतले आणि पडदा फाटल्याचे सांगितले.

थोड्या वेळाने रावांच्या पत्नी आल्या. माझ्या पत्नीने त्यांना व्हरांड्यात बाजूला नेऊन जे घडले ते सांगितले, एकही शब्द न गाळता. त्या सरळ माझ्यासमोर आल्या, पायातली चप्पल काढली आणि माझ्या तोंडावर मारली. ओठ फुटला.

“माझ्या घरी बसून जेवलात तुम्ही,” त्या म्हणाल्या. “त्या कानावर आमचं घर चालतं.”

आणि माझा हात वर गेला. डाव्या-उजव्या बाजूला रुग्ण बसलेले असताना, मित्र आत पडलेला असताना, माझा हात एका स्त्रीवर उठला. माझी पत्नी मध्ये उभी राहिली.

“अहो, माझ्यावर उचला,” ती म्हणाली. “मला सवय आहे.”

तो हात कसा खाली आला ते मला आठवत नाही. रक्ताची खारट चव मात्र आठवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरांकडे गेलो आणि आधीचे सांगणे खोटे होते हे सांगितले. त्यांनी कागद बदलले आणि नियमाप्रमाणे पोलिसांना कळवले. मी त्याला धैर्य समजत होतो. शिक्षा होईल, ती भोगीन आणि मग प्रकरण संपेल, असा हिशेबी विचार त्यामागे होता. हवालदार जबाब घ्यायला आला तेव्हा मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. रावांनी तक्रार द्यायला नकार दिला.

“केस नको,” हवालदार गेल्यावर ते म्हणाले. “केस केली तर तुम्ही सुटलात, अल्वा, होय ना? पडदा भरेपर्यंत तपासण्या आहेत. प्रत्येक तपासणीला तुम्ही यायचं. बाजूला बसून बघायचं.”

पंधरवड्यानंतर मी तो ॲम्प्लिफायर गाडीत घालून देवराज मोहल्ल्यात नेला. तीस किलोचे ते धूड छातीशी धरून दुकानाच्या पायऱ्या चढलो. राव एका भोंग्यावर वाकले होते, आणि उजवा कान पुढे यावा म्हणून सबंध अंग वळवून बसले होते. त्यांनी यंत्र खाली ठेवू दिले नाही.

“हे घेतलं तर तुमचं ओझं उतरेल. माझं काय?” मग, मी ते धूड तसेच छातीशी धरून उभा असताना, ते म्हणाले, “यंत्र चांगलंच आहे, सार. वीस वर्षं बिघडणार नाही. मोठे अवघड स्पीकर असते तर त्याची ताकद लागली असती. तुमच्या त्या लहान खोलीत, तुमच्या त्या स्पीकरवर, माझ्या डब्यापेक्षा जास्त काही ऐकू येत नाही. एवढंच दाखवायचं होतं मला. मित्राला दाखवायचं होतं.”

मी ते परत नेले आणि पुढे एका ओळखीच्या गृहस्थाला विकले. घेताना त्यांनी विचारले, इतके पैसे देण्यासारखे आहे का? मी म्हणालो, पत्रा, बटण आणि टिकाऊपणा हवा असेल तर आहे. आवाजासाठी म्हणाल तर मला फरक ओळखता आला नाही. खरे तर मी ते आवाजासाठी घेतलेच नव्हते. ज्या वस्तूपुढे घरातल्या सर्वांनी गप्प बसावे अशी एक वस्तू मला हवी होती. पैसे आले ते पत्नीच्या हातात दिले. तिने ते रावांच्या पत्नींना इस्पितळाच्या खर्चासाठी नेऊन दिले. मला माफ केल्याचे ती कधीच म्हणाली नाही, आणि मी विचारलेही नाही. हल्ली ती कुकर लावते तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहत नाही. माझी सावली पडली की तिचे खांदे अजूनही ताठ होतात.

तीन महिन्यांनी शेवटची तपासणी झाली. पडदा भरून आला होता. ऐकणे किती परत आले ते पाहायचे होते. काचेच्या लहानशा खोलीत राव कानांवर हेडफोन लावून बसले. आवाज ऐकू आला की हात वर करायचा. मी बाहेर तंत्रज्ञाच्या शेजारी बसलो. तो कळ दाबी तेव्हा यंत्रावर एक दिवा लागे, त्यावरून आत आवाज गेल्याचे मला कळत होते. उजव्या कानाला प्रत्येक दिव्यासरशी त्यांचा हात वर गेला. मग डावा कान. खालच्या सुरांना हात वर गेला. वरचे सूर सुरू झाले तसा तो उशिरा जाऊ लागला, अर्धवट जाऊ लागला. मग दिवा लागला आणि हात मांडीवरच राहिला. तंत्रज्ञाने पातळी वाढवली. हात मांडीवरच होता. राव मात्र लक्ष देऊन, डोळे मिटून, ऐकू येण्याची वाट पाहत होते.

ते बाहेर आले आणि तंत्रज्ञाकडे न पाहता मला विचारले, “वरच्या सुरांत किती वेळा वाजवलं, सार?”

गोल उत्तर देणे सोपे होते; तंत्रज्ञही काहीसे सौम्य बोलायच्या बेतात होता.

“बारा वेळा,” मी म्हणालो. “त्यातल्या आठ वेळा तुमचा हात वर गेला नाही.”

त्यांनी मान हलवली. मग चपला घातल्या आणि माझी डावी बाजू सोडून उजव्या बाजूला आले, म्हणजे त्यांचा न ऐकणारा कान माझ्याकडे झाला. तसेच आम्ही फाटकापर्यंत चालत गेलो. वाटेत मी काहीतरी बोललो असेन, पण माझ्या नेहमीच्या हळू आवाजात.