शेवट फोडला म्हणून कल्याणला

या ब्लॉगवर तुम्ही माझ्यासोबत लडाखला धापा टाकल्यात आणि मेघालयात पायाच्या जळवाही काढल्यात. आजचा प्रवास ठाणे ते कल्याण. हसू नका. अंतर जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर, पण निघायला जेवढं धैर्य लागलं तेवढं लडाखच्या घाटातही लागलं नव्हतं.

कारण सांगते. मी एक व्हॉट्सॲप ग्रुप चालवते, 'सध्या काय वाचताय?' नावाचा. साठ-सत्तर माणसं, बहुतेक ठाणे-डोंबिवली-कल्याणची. दर शनिवारी सकाळी प्रत्येकाने हातातलं पुस्तक, पान क्रमांक आणि दोन ओळी टाकायच्या. सुप्रभात नाही, फुलं नाहीत, राजकारण नाही. आणि कुठल्याही पुस्तकाचा शेवट सांगायचा नाही. हा नियम मीच केलेला आणि मीच तो मोडला.

कल्याणच्या लताकाकू गायकवाड एक सातशे पानी कादंबरी वाचत होत्या. नाव मुद्दाम लिहीत नाही, एकदा केलं तेवढं पुरे. कोकणातलं घर, तीन भाऊ, त्यातला थोरला घर सोडून गेलेला. काकूंनी लिहिलं, 'पान ४१२. थोरल्याचं काय होणार, जीव टांगणीला लागलाय.' ते माझं फार लाडकं पुस्तक. चहाच्या पहिल्या घोटाबरोबर मी थोरल्याचं काय होतं ते सविस्तर लिहून मोकळी झाले. चार मिनिटांनी डोक्यात प्रकाश पडला आणि घाईघाईने मेसेज पुसला.

पुढचे दोन शनिवार काकूंचं एक अक्षर आलं नाही. शेवटी मी फोन करून माफी मागितली.

"अगं, मला कळलं त्याचं काही नाही," काकू म्हणाल्या. "यांना कळलं तर घोळ होईल."

'हे' म्हणजे गायकवाडकाका. अंबरनाथच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. दोन वर्षांपासून आठवड्यातून तीनदा त्यांचं डायलिसिस असतं, दर खेपेला चार तास. गेल्या वर्षी एकदा ते हटून बसले. कंटाळलो, नाही जात, काय व्हायचं ते होऊ दे. दोन खेपा खरंच चुकवल्या आणि मग धाप लागून ॲडमिट करावं लागलं. काकू पूर्वी बालवाडीच्या शिक्षिका होत्या. हट्टी पोरांना कसं बसवायचं ते त्यांना बरोबर माहीत. त्यांनी हे जाडजूड पुस्तक काढलं आणि नियम घातला की ते फक्त डायलिसिसच्या बेडशेजारी वाचायचं, घरी उघडायचं नाही.

"पुढे काय झालं ते ऐकायला म्हणून रिक्षात बसतात गं ते. शेवट कळला तर कशाला बसतील?" काकू म्हणाल्या. "आणि माझं म्हणशील तर थोरल्याचं नाव आलं की माझा आवाज बसतो. त्यांना संशय येणार. या शनिवारी तू ये आणि तूच वाच. तुझं तू निस्तर."

येते म्हटलं.

शनिवारी सकाळी आठला टेंभी नाक्याहून निघाले. ट्रेनने गेले असते तर अर्ध्या तासात पोचले असते, पण वाटेत शीळफाट्याला एकाला पुस्तक द्यायचं होतं, म्हणून रस्त्याने. ठाणे स्टेशनबाहेरून बस मिळते, कळवा-मुंब्रा करत जाते. तिकीट किरकोळ आहे, वेळेचं मात्र काही सांगू नका. बायपासवर ट्रकांची रांग लागली की बस आणि आपण दोघंही ध्यान लावून बसतो. खिडकीची जागा डावीकडची धरा, मुंब्र्याचा डोंगर दिसतो. मला सव्वा तास लागला.

शीळफाट्याला उतरलं की सगळ्या दिशांनी ट्रक अंगावर येतात. तिथून दोन मिनिटांवर निलेशचं टायरचं दुकान आहे. निलेश आमच्या ग्रुपवरचा सगळ्यात प्रामाणिक माणूस. गेले दोन महिने पान ३८ वर आहे आणि दर शनिवारी न लाजता '३८' लिहितो.

"गिऱ्हाईक येतं ना ताई," तो म्हणाला. "एक पान वाचलं की कोणाचं तरी टायर फुटतं. परत बसलो की आधीचं विसरलेलो असतो. मग परत तेच पान."

मी त्याला नवं पुस्तक दिलं, त्याने वडापाव आणि चहा मागवला आणि पैसे देऊ दिले नाहीत. मग हळूच म्हणाला, "तुमचा तो मेसेज मी पण बघितलेला. थोरल्याचा."

"चारच मिनिटं होता रे!"

"चार मिनटं लय असतात ताई. अर्ध्या ग्रुपने बघितला असेल. कोण बोललं नाही, तुम्ही ॲडमिन ना."

वडापाव चांगला होता, पण शेवटचा घास मी कागदात गुंडाळून ठेवला.

शीळफाट्याहून डोंबिवलीला शेअर रिक्षाही आहेत, बसही आहे. मी बस घेतली. रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब आणि दोन्ही बाजूंना टॉवर. डोंबिवलीत दुसरा नाश्ता केला. थालीपीठ आणि लोण्याचा गोळा. प्रवासात दोन नाश्ते चालतात हे माझं जुनं मत आहे. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून दोन शहाळी घेतली आणि कल्याणची रिक्षा केली. पत्रीपुलाशी थोडी रखडपट्टी झाली, तरी पावणेबाराला डायलिसिस सेंटरच्या दारात होते.

काकू पायरीवरच उभ्या होत्या. ठेंगण्या, नीटनेटक्या, खांद्याला कापडी पिशवी. "जय भीम. आलीस, बरं झालं," म्हणाल्या आणि त्यांची नजर शहाळ्यांवर गेली. "हे यांना विष आहे बाई. पोटॅशियम! पाणीसुद्धा मोजून देते मी." मग मला तिथेच उभं करून दोन्ही शहाळी प्यायला लावली. प्रवासी मित्रांनो, किडनीच्या पेशंटकडे शहाळं नेऊ नका. इतकी वर्षं फिरतेय, पण हे मला माहीत नव्हतं.

आत एका पेशंटजवळ एकाच माणसाला बसू देतात. म्हणजे मी आत आणि काकू बाहेरच्या बाकावर. पुस्तक हातात देताना त्यांनी कानात सांगितलं, "थोरल्याचं आलं तरी थांबायचं नाही. सपाट वाचायचं. आणि चेहऱ्याकडे लक्ष ठेव, चलाख आहेत."

काका उंच, हडकुळे, मिशी नीट कातरलेली. डाव्या हाताला दोन नळ्या. तो हात चार तास हलवायचा नाही, म्हणून एवढं जाड पुस्तक त्यांना स्वतःला धरता येत नाही. उजव्या हातात मोबाइल होता, तो त्यांनी उशीशी ठेवला आणि म्हणाले, "वाचा मॅडम. पान ४६३. धाकटा बाजारातून आलाय."

मी वाचायला लागले. काकूंच्या सांगण्याप्रमाणे सपाट. दीड पान झालं असेल.

"बातम्या देताय का?" काका म्हणाले.

शेजारच्या बेडवरच्या बाई फिसकन हसल्या. मी जरा चढउतार करून वाचलं, तर त्या बाई म्हणाल्या, "असं नाही हो. आईचा आवाज खर्जात लावायचा आणि धाकटा बोलताना अडखळतो. गायकवाडबाई काय वाचतात!" म्हणजे श्रोते नुसते काका नव्हते, अख्खी रांगच होती. मी अडखळायचा प्रयत्न केला, तो अगदीच केविलवाणा झाला. अर्ध्या-पाऊण तासाने बाईंचा डोळा लागला. आणि तेवढ्यात पानावर थोरल्याचं नाव आलं. माझा आवाज गेला. खोकल्याचं निमित्त केलं, पण ते काही जमलं नाही.

"राहू दे," काका हलकेच म्हणाले. "मला माहितीये."

"काय?"

"थोरल्याचं. तुमच्या ग्रुपवर एक नंबर आहे बघा, कधीच काही न लिहिणारा. तो माझा. हिला ठाऊक नाही. ही काय लिहिते ते बघायला आलेलो. तुमचा मेसेज मी तीनदा वाचला."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मी विचारलं, "मग तुम्ही अजून येता कसे? काकूंना वाटतंय शेवट कळला तर तुम्ही येणं सोडाल."

काका मशीनच्या आकड्यांकडे बघत होते. "लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली. ही बालवाडीत गोष्टी सांगायची, सगळे आवाज काढून. पोरं घरी येऊन सांगायची, बाईंनी आज वाघ काढला, आज म्हातारी काढली. मी कधी ऐकलंच नाही. माझी फर्स्ट शिफ्ट, नाहीतर नाइट. घरी आलो की गॅस संपलाय, फी भरायचीय, एवढंच बोलणं. आता चार-चार तास ऐकतो. शेवटासाठी कोण येतंय इथे?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तिला सांगू नका. मला शेवट माहितीये कळलं तर ती वाचायचं बंद करेल. आणि राग मानू नका, पण आज तुम्ही आलात आणि माझा एक दिवस फुकट गेला."

राग कसला मानणार? माझे डोळे भरून आले. नाक पुसून मी बाहेर गेले.

"कळलं का यांना काही?" काकू बाकावरून उठल्याच.

"माझं वाचणं आवडलं नाही त्यांना. तुम्हीच वाचा."

"नाहीच आवडणार," काकू म्हणाल्या आणि पदर खोचून आत गेल्या. स्वारी खूश झाली होती, लपत नव्हतं. उरलेला वेळ मी दाराच्या काचेतून बघत होते. आवाज ऐकू येत नव्हता, पण काकूंची मान प्रत्येक पात्रागणिक वेगळी हलत होती. काकांनी डोळे मिटले होते. शेजारच्या बाई जाग्या झाल्या होत्या.

चारनंतर रिक्षाने त्यांच्या घरी गेलो. काका लगेच झोपले. काकूंनी मला गरम भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण आणि कांदा वाढला. काकांची भाजी वेगळी, पोटॅशियम जावं म्हणून आधी उकळून पाणी फेकून दिलेली. "चव जाते, पण काय करणार," म्हणाल्या. जेवताना काकांचं गुपित दोनदा माझ्या ओठांवर आलं आणि दोनदा मी घासाबरोबर गिळलं. परतीचा प्रवास गर्दीचा आणि लांबचा झाला. संध्याकाळी पाचनंतर कल्याणहून रस्त्याने निघू नका, एवढंच सांगते.

घरी आल्यावर हे सगळं लिहून काढलं, पण टाकता येईना. काकू हा ब्लॉग वाचतात. एकाचं गुपित दुसऱ्यापासून राखायचं म्हणजे पोस्ट ड्राफ्टमध्येच पडून राहणार. मी फिरते, बघते आणि लगेच सांगून टाकते, हा माझा स्वभाव. या वेळी सहा आठवडे तोंड बंद ठेवलं. लोक इतके दिवस मौन कसे पाळतात कोण जाणे.

मग एका बुधवारी काकूंचा फोन आला. आदल्या दिवशी पुस्तक संपलं होतं.

"शेवटच्या पानावर मला रडू आलं म्हणून थांबले. तर हे डोळे मिटूनच म्हणतात, 'वाच, आता पत्र येईल बघ.' अगं, पत्र अजून पानावर आलंच नव्हतं! तुम्हाला माहीत होतं? म्हटलं. तर म्हणे, तुला पण माहीत होतं की. तुझं नाव पण निघालं. तुझ्याकडे नंतर बघते मी." मग म्हणाल्या, "आज दिवसभर बोलले नाही त्यांच्याशी. आणि उद्यासाठी दुसरं पुस्तकही काढून ठेवलेलं नाही. मुद्दाम. आता ऐकायला काही राहिलं नाही, माहीत नसण्याचं नाटकही संपलं. बघू येतात का."

गुरुवारी दिवसभर मी फोनकडे बघत राहिले. विचारायचा धीर झाला नाही. शुक्रवारही तसाच गेला.

शनिवारी सकाळी साडेसात वाजता ग्रुपवर काकूंचं आलं. हे सगळं छापायची परवानगी त्यांनी नंतर दोघांच्या वतीने दिली, म्हणून त्यांच्याच शब्दांत देते:

'पुस्तक तेच. पान १९, पुन्हा पहिल्यापासून. गुरुवारी यांनीच पिशवीत भरलं.'