लूमशेजारी पिकअप निवडणारा

कामतघर भागातल्या माझ्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात नव्वदच्या दशकात आलेला एक गिटारवाला फार नखरेल होता, असं मी लोकांना हसून सांगत आलो. तसं नव्हतं. ऑर्केस्ट्रातली जागा टिकवायला त्याला जॅझ गिटारवर तारांचा आवाज अ‍ॅम्प्लिफायरला पोचवणारा चुंबकी पिकअप हवा होता, पण तिचा गोडवा न बिघडवणारा. तो एकेक लावून अ‍ॅम्प्लिफायरला कान टेकायचा. शेजारच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खडखडाटात काही कळेना.

“लूम थांबू द्या, शेठ,” तो मला म्हणाला.

लाइट गेली. लूम थांबले, अ‍ॅम्प्लिफायरही. तो गिटार तशीच, अ‍ॅम्प्लिफायरविना वाजवत बसला. लूमवाले दारात येऊन उभे राहिले.

“हाच आवाज पाहिजे,” तो म्हणाला.

“मग लाइट नसेल तिथेच कार्यक्रम घ्या,” मी हसून म्हणालो.

तोही हसला.

लाइट आल्यावर मी त्याला सर्वांत कर्कश पिकअप विकला. लूमपुढे तेवढाच ऐकू येत होता. त्याची जागा टिकली. ती गिटार मात्र पुन्हा तशी वाजली नाही.