साहेब दौऱ्यावर आहेत

हे मी बायकोलाही सांगितलेलं न्हाई. तुम्हाला का सांगून राहिलो, ते माझं मलाच ठाऊक न्हाई.

परवा नांदेडात लग्नाच्या पंगतीत सरकारी कामाला शिव्या चालल्या होत्या. नियमांची नुसती कटकट, म्हणे. डोकंच फिरलं माझं. अहो, नियम नसता तर गरिबाला वाली कोण? किनवटच्या कचेरीत मी कारकून होतो, तेव्हा एका पुढाऱ्याचा माणूस आला — पुढाऱ्याच्या पुतणीला मुलींच्या वसतिगृहात घ्या म्हणून. पोरगी प्रतीक्षा यादीत पहिली. निवडलेल्यांतलं कुणी गळलं तरच जागा. मी नियमावर बोट ठेवलं, हललो न्हाई. पंगतीत हे छाती काढून सांगितलं.

पुढचं गिळलं.

पुढाऱ्याचा फोन गेला आणि आमच्या साहेबांनी मला सगळ्यांदेखत झापलं. तेव्हापासून त्यांच्या खोलीत जायचं मी टाळायचो. अशातच लक्ष्मीबाई आल्या — जंगलातल्या गावाहून, पहाटेची एसटी धरून. त्यांची निर्मला वसतिगृहासाठी निवडलेली. गावात सातवीपुढं शाळा न्हाई. कागद सगळे चोख, फक्त साहेबांची सही राहिलेली. आणि मुदतीचा शेवटचा दिवस.

"साहेब हायेत का, भाऊसाहेब?"

उठायचं, आत जायचं, सही आणायची. एवढंच ना? पण पुन्हा बोलणी कोण खाणार? — मी म्हणालो, "साहेब दौऱ्यावर आहेत. उद्या या."

"उद्या चालतंय न्हवं?"

"चालतंय."

साहेब आत डबा खात होते.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा मुदत संपलेली. निर्मलाचं नाव गळलं, पुढाऱ्याची पुतणी आत आली — अगदी नियमानं. कुठल्या तपासणीत सापडणार हे? साहेबांना वाटलं, मी मुद्दाम जुळवून आणलं. पाठ थोपटली माझी. पेढे आले, तेही मी खाल्ले.

निर्मला आईबरोबर कामाला जायला लागली. चौकशी केली होती मी. केली आणि गप बसलो.

आता कुणी व्यवस्थेला शिव्या घातल्या की संताप येतो. कसली व्यवस्था? खोटं बोल, असं कुठल्या नियमात होतं? जीभ माझी होती. पुढाऱ्यापुढं ज्या नियमाची भिंत केली, तिच्याच आड मी एका बाईपासून लपलो.

आणि एक राहिलंच. त्या पहिल्या दिवशी लक्ष्मीबाई दारातच होत्या, तेवढ्यात आतली घंटी वाजली. शिपाई रजेवर. मी सवयीनं उठलो — "आलो, साहेब." त्यांनी वळून बघितलं माझ्याकडं. पदर सारखा केला आणि पायऱ्या उतरायला लागल्या.

तेव्हाही हाक मारता आली असती. मी आत गेलो. साहेबांना पाणी पाहिजे होतं. ते दिलं.