अरादमधला संकासूर

बहरीनला उतरल्याबरोबर मी पहिला पराक्रम केला. सख्ख्या मेहुण्याला हमाल समजून त्याच्या हाती बॅग दिली. पूर्वीचा दिनू असता तर कमरेत वाकून "साहेब, बक्षिसी?" म्हणत त्यानं सगळा विमानतळ हसवला असता. हा नुसता बॅग घेऊन चालू लागला.

कुडाळकडे दशावतारात दिनू संकासूर करायचा. काळा बुरखा, लोंबती लाल जीभ आणि तोंडाला येईल ते बोलणं. दशावतारात संवाद लिहिलेले नसतातच. पुढे तो इथंच, मनामाच्या एका हॉटेलात वेटर झाला. नकला करून त्यानं एका अमेरिकन निर्मात्याला हसवलं आणि त्याच्या मागोमाग हॉलिवूडला जाऊन विनोदी चित्रपटांच्या पटकथा लिहू लागला. आता चित्रीकरणाच्या जागा बघायला दोन दिवस बहरीनला आला होता. गावाकडे सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. "एकदा दिनग्याचो संकासूर ऐकाक होयो," एवढाच त्यांचा धोशा. म्हणून त्याला घरी आणायला बायकोनं मला धाडलं, सोबत त्याचा जुना बुरखा देऊन.

विमानतळाजवळच, अरादला पेडणेकरांच्या खोलीवर उतरलो. ते ड्रायव्हर, दिनूच्या गावचेच. ओहोटीनं समुद्र पार मागे गेलेला. खिडकीतून नुसता राखाडी चिखल दिसत होता. जेवायला हामूर (आपला गोबरा) आणि खुब्ज (भट्टीतली रोटी).

"पडद्यावर नाव येतं ना रे?" मी विचारलं.

"कधी येतं, कधी नाही, भावोजी. माझं लिहिलेलं चौघं खोडतात, त्यांचं मी खोडतो."

संध्याकाळी गाववाले जमले. दिनूनं बुरखा चढवला. "यल्ला दिनग्या, कर सुरू!" कुणीतरी ओरडलं. तो उभा राहिला. उभाच राहिला. मग बुरख्याआडून आवाज आला, "उद्यापर्यंत वेळ द्या. लिहून काढतो."

"लिवन काढलेलो संकासूर खंय (कुठे) बघलंस रे?" पेडणेकर म्हणाले, आणि खोली खदखदून हसली. मीसुद्धा. बुरखा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी विमानतळापर्यंत बॅग त्यानंच उचलली.

"चल ना रे," मी म्हटलं. "आई वाट बघतेय."

"तिच्यासमोर असाच उभा राहिलो तर, भावोजी?"

मी त्याच्या हातून बॅग घेतली. मी तर काय, कधी सोंगही केलेलं नाही.

घरी आल्यावर बायकोनं माझ्यामागे दाराकडे बघितलं, मग बॅगेतून बुरखा काढला.

"घातलान होता?"

"घातला."

"लोक हसले?"

"हसले." खोटं नव्हतं ते.

माझ्या तोंडाकडे बघत तिनं बुरख्याची घडी घातली.

"आईला एवढंच सांगा," ती म्हणाली. "पुढचं मलासुद्धा नको."