डाव्या कोपऱ्यातला थेंब

आपली लाल गाडी तुम्हा दोघा नातवंडांना आठवत असेलच. आसनं दोनच. एकावर आजोबा, म्हणून उरलेल्या एकासाठी तुमची भांडणं. ती गाडी आम्ही विकली. कशी, ते क्रमाने सांगते.

आजोबांची नजर आता मंदावतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि त्यांचं गाडी चालवणं बंद झालं. अमरावतीच्या घरी शेडमध्ये ती वर्षभर उभी होती. दर रविवारी ते ती पुसायचे, छत दुमडायचे, इंजिन सुरू करून दहा मिनिटं आत बसायचे आणि पुन्हा कव्हर घालायचे.

एका रविवारी म्हणाले, "इतकी वर्षं मी हिच्या आतच बसलो. रस्त्यावरून जाताना ही दिसते कशी, मला माहीतच नाही. दिसतंय तोवर एकदा बघायचंय."

ड्रायव्हर बोलावून ते जमलं असतं. पण त्यांना नुसती फिरवून दाखवलेली गाडी नको होती. ती कुणाची तरी होऊन जाताना बघायची होती.

जाहिरात मी लिहिली. सर्व्हिसच्या तारखा, टायर कधी बदलले ते, आणि शेवटी एक ओळ: मोठ्या पावसात छताच्या डाव्या कोपऱ्यातून थेंब गळतो. गाड्यांचा दलाल कपाळाला हात लावून म्हणाला, "काकू, असं लिवतेत का कोणी? गिऱ्हाईक पळून जाईन ना!" मी ओळ ठेवली.

पहिले आले ते वरातीसाठी गाड्या भाड्याने देणारे. मागे सीट नाही हे बघून म्हणाले, "काही हरकत नाही, नवरदेवाले डिक्कीवर बसवू." आजोबांनी त्यांना चहा पाजला आणि निरोप दिला.

पुढे बरेच दिवस कुणी आलं नाही. एका दुपारी मी समोर दारात उभी असताना आजोबांनी विचारलं, "कोण आहे?" तेव्हा मात्र मी घाबरले. वाटलं, वरातवाल्यांनाच देऊन टाकावी.

त्याच आठवड्यात अकोल्याहून एक जोडपं आलं. शेतात फुलं, जठारपेठेत फुलांचंच दुकान. बाई पन्नाशीच्या. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "काकू, थेंबाचं तुमीच लिवलं का?"

"हो."

"म्हणूनच आलो आमी. ज्यानं थेंब लिवला, तो बाकी काई लपवणार नाही."

त्यांचा नवरा म्हणाला, "मले तं ट्रॅक्टर पाह्यजे होता, काका. पण ही म्हणते, पंधरा वर्षं टेम्पोत टोपल्यांच्या गर्दीत बसली, आता मले मोकळी हवा पाह्यजे."

"चालवणार कोण?" आजोबांनी विचारलं.

"मी," बाई म्हणाल्या. "हे बाजूले बसून 'हळू, हळू' करतीन."

आजोबा मोठ्याने हसले. असं हसणं मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. व्यवहार तिथेच ठरला.

आरटीओचे कागद झाल्यावर ते दोघं सकाळी गाडी न्यायला आले. सोबत झेंडूचा हार होता. रंगाला चरा पडू नये म्हणून बाईंनी तो तार न वापरता आरशाच्या दांडीला दोऱ्याने बांधला. मी फाटकाशी खुर्ची मांडून आजोबांना बसवलं आणि बाईंना विनंती केली, "छत उघडं ठेवून कोपऱ्यापर्यंत एक फेरी माराल?"

गाडी निघाली. मी सांगू लागले, "आता वळली. आता इकडे येतेय."

"गप्प बस गं," आजोबा म्हणाले. "दिसतंय मला."

गाडी आमच्यासमोरून गेली. बाईंची ओढणी मागे फडफडत होती, शेजारी नवरा हाताने हळू-हळूची खूण करत होता. बाईंनी, कुणी न सांगता, आणखी दोन फेऱ्या मारल्या. मग हॉर्न वाजवला आणि अकोल्याच्या रस्त्याला लागल्या.

रस्ता रिकामा झाल्यावर आजोबा म्हणाले, "बरीच बुटकी आहे गं. मला वाटायचं, उंच असेल."

"आणि?"

"आणि काय, झकास जाते!"