तंजावूरच्या कोर्टातली उलटी पाटी

सात वर्षं मी "पुढच्या मे महिन्यात नक्की येते" म्हणत राहिले, आणि तंजावूरला शेवटी पोचले ती अप्पांच्या तसबिरीच्या अनावरणाला. माझ्यासारखी आळशी बाई शोधून सापडायची नाही.

अप्पा तिथले मराठी वकील, पिढ्यान् पिढ्या तंजावुरातच राहिलेल्या घरातले. मी कराडला वकिली करते. एका इनामाच्या दाव्यात मोडी कागद अडला, तेव्हा कुणीतरी त्यांचा नंबर दिला. मी कागदाचे फोटो पाठवले आणि आठवडाभर रोज संध्याकाळी त्यांनी फोनवर ओळ न् ओळ समजावली. फी विचारली तर म्हणाले, "फी नको. एकदा या, आमचें कोर्ट पाहा." पुढे फोन चालू राहिले. मी काही गेले नाही.

पुण्याहून चेन्नई आणि तिथून सकाळच्या गाडीनं तंजावूर. तिकीट आधी काढा, ऐनवेळी हाल होतात. स्टेशनवरून राजवाड्यामागच्या गल्लीत यायला ऑटोवाल्यानं दोनशे सांगितले, दीडशेला तयार झाला. दारात अप्पांची मुलगी कमलाक्का उभ्या होत्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, साठीच्या. "या कीं. आधी कापी घ्या," म्हणाल्या. कॉफी अशी की कराडचा चहा विसरले. अप्पांची खुर्ची समोरच होती. त्यावर बसायचं धाडस मला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी कोर्टात गेलो. वकिलांच्या हॉलमध्ये भिंतभर जुन्या वकिलांच्या तसबिरी. उन्हाळी सुट्टीनंतर कोर्ट उघडतं, त्या दिवशी अप्पा स्वतः फडकं घेऊन त्या सगळ्या पुसायचे, आणि नव्या वकिलांना ओळख करून द्यायचे. हे कुळांसाठी आयुष्यभर लढले. ह्यांनी विधवांचे दावे फुकट चालवले. हे सगळं मला फोनवर ऐकून पाठ होतं. चेहरे आत्ता पाहिले.

खालच्या पाट्या सगळ्या तमिळ नाहीतर इंग्रजीत. अप्पांच्या नावाच्या पाटीखाली एका ओळीची वेगळी पाटी घरच्या भाषेत, मराठीत हवी, एवढाच कमलाक्कांचा हट्ट होता. अप्पांनंतर त्या घरात देवनागरी वाचणारं कुणी उरलेलं नाही, म्हणून ओळ मीच लिहून पाठवली होती: "यांनी कुणालाही पायरीवरून परत पाठवलं नाही."

पडदा सरकला. टाळ्या झाल्या. मी मराठी पाटी पाहिली. ती उलटी बसवली होती. शिरोरेघ खाली, अक्षरं तिला लोंबकळलेली नव्हे, तिच्यावर उभी. बसवणाऱ्याला वाटलं असणार, शब्दांखाली ओढलेली रेघ आहे. हॉलमध्ये कुणालाच काही वावगं दिसलं नाही.

कमलाक्कांनी माझा हात धरला. "बरोबर अहे कीं?"

त्यांचे डोळे भरलेले. मी म्हटलं, "छान झाली आहे."

वकील असून खोटं बोलले, तेही अप्पांच्या तसबिरीपुढे. दुपारी त्यांनी मला तिरुवैयारूला नेलं. बसनं अर्धा तास लागतो. कावेरीकाठी बसून अशोका हलवा खाल्ला. मुगाचा, तुपानं थबथबलेला, जाणार असाल तर चुकवू नका. मी मात्र अर्धा तसाच ठेवला.

कराडला परतल्यावर आठ दिवस कशात लक्ष लागेना. शेवटी फोन करून सांगून टाकलं.

कमलाक्का म्हणाल्या, "मला ठाऊक अहे. तुम्हीं हलवा अर्धा ठेवला, म्हणून त्याच दिवशीं घरीं येऊन अप्पांची मराठी वही काढली. तींत रेघ वर अहे."

"मग सरळ करून का नाही घेतलीत?"

"तुम्हीच येऊन करा. अप्पा दर मे महिन्यांत विचारत होते, कराडची मुलगी कधीं येते म्हणून. ते गेले. पाटी तरी थांबेल."

फोन ठेवून मी खूप रडले.

तिकीट काढलं आहे. कोर्ट उघडायच्या दिवशी सकाळी पोचते. पिशवीत एक स्क्रूड्रायव्हर आणि एक मऊ फडकं टाकलं आहे. पाटी सरळ करीन, सगळ्या तसबिरी पुसीन. एवढा उशीर का केलास, म्हणून रागवायला मात्र तिथे कुणी नसेल.