परीक्षकाने दोन्ही गावांत जेवावे

मला परीक्षक म्हणून बोलावलं, कारण आधी विचारलेल्या तिघांनी नाही म्हटलं होतं. हे मला नंतर कळलं नाही, आमंत्रणाच्या पत्रातच स्वच्छ लिहिलं होतं. 'तिन्ही मान्यवरांनी असमर्थता दर्शविल्याने आपणास कष्ट देत आहोत.' असा मान कुणी पायाशी आणून टाकला तर तो नाकारायचा कसा? मी तेव्हा सोलापूरच्या एका कॉलेजात मराठी शिकवत होते, वय सत्तावीस, आणि माझ्या एकुलत्या एक कथासंग्रहाच्या बऱ्याचशा प्रती आईच्या पलंगाखाली होत्या. मी लगेच होकार कळवला.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. धाराशिवला तेव्हा उस्मानाबाद म्हणत. मला जायचं होतं मुरुमच्या पुढे, पार कर्नाटकाच्या हद्दीवर. तिथे एक ओढा आहे. अलीकडे निंबेवाडी, पलीकडे होसळ्ळी. एकीकडे मराठी, दुसरीकडे कानडी, आणि भांडताना दोघांनाही दोन्ही भाषा येतात. (नकाशात शोधू नका, गावांची नावं मी बदलली आहेत. कारण पुढे कळेल.)

सोलापूरहून सकाळची उमरग्याची एसटी धरली. भाडं किती होतं ते सांगून तुम्हाला रडवत नाही. वाटेत नळदुर्गला उतरले, कारण नर-मादी धबधबा बघायची फार दिवसांची इच्छा होती. पावसानं दडी मारलेलं वर्ष. नरही नाही, मादीही नाही, नुसता कोरडा दगड आणि त्यावर वाळत घातलेलं कुणाचं तरी धोतर. तुम्ही जाल तर भरपूर पाऊस झाल्यावर जा. पुढची एसटी दोन तास आली नाही, आली तेव्हा आत शेळ्या होत्या. मुक्काम मुरुमला, कॉलेजातल्या एका सहकारी बाईंच्या माहेरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध सोसायटीचा टेंपो मला न्यायला आला. सोबत दिनकरराव. हे निंबेवाडीचे पोस्टमास्तर आणि पुरस्काराचे चिटणीस. पन्नाशीचा, बारीक, सतत घाम पुसणारा माणूस. रिकाम्या किटल्यांच्या खडखडाटात त्यांनी मला सगळा इतिहास ओरडून सांगितला.

बहात्तरच्या दुष्काळात ओढ्यावर पाझर तलावाचं काम निघालं. दोन्ही गावांची माणसं खडी फोडायला एकाच कामावर. तलाव होण्याआधीच त्यातल्या पाण्यावरून वाद पेटला, आणि फोडलेली खडी समोर तयारच होती. एके दुपारी दगडफेक झाली. निंबेवाडीच्या शाळेचे विश्वनाथ मास्तर सोडवायला मध्ये गेले. एक दगड कपाळावर बसला, आणि आठ दिवसांनी मास्तर गेले. दगड कुणाचा ते ठरलं नाही. म्हणजे पोलिसांत ठरलं नाही, निंबेवाडीत ठरलं. होसळ्ळीच्या शरणप्पाचा. वाईट हे की शरणप्पा मास्तरांचा सख्खा मेहुणा. मास्तरांची बायको गंगाबाई ही होसळ्ळीची लेक. त्या दिवसापासून तिनं ओढा ओलांडला नव्हता. भावाचं तोंड बघत न्हाय, असं सगळे म्हणत.

मग पुरस्कार कुठून आला? रेडिओवरून. दिनकररावांनी एकदा ऐकलं की डब्लिनला इंग्रजांच्या एका राजदूताला मारलं, आणि त्याच्या आठवणीसाठी पुस्तकांना इनाम ठेवलं, कशासाठी तर आयरिश आणि इंग्रज माणसांनी एकमेकांना समजून घ्यावं म्हणून. दिनकररावांनी शाळेच्या नकाशात आयर्लंड शोधलं, ते बोटाच्या पेरापेक्षा लहान निघालं. एवढ्याशा देशाला जमतं तर आपल्याला का नाही, असं म्हणून ते गंगाबाईंकडे गेले. ती लगेच हो म्हणाली. तेव्हापासून पाच वर्षं 'कै. विश्वनाथ मास्तर सलोखा पुरस्कार' चालू होता. लोक त्याला 'आयर्लंड इनाम' म्हणत. एका म्हाताऱ्यानं मला विचारलं की तिकडंबी दुष्काळ पडतो का. मी सांगितलं, पूर्वी एकदा बटाटे सडून लाखो माणसं मेली. 'मग इनामाबिगर भागायचं न्हाय त्येंचं,' असं म्हणून तो तंबाखू मळायला लागला.

पुरस्काराचे नियम थोर होते. विषय दरवर्षी एकच: 'पलीकडच्या गावाने माझ्यावर केलेले उपकार'. परीक्षक जे निबंध निवडेल ते दोन्ही गावांसमोर वाचायचे, पण एका गावाचा निबंध दुसऱ्या गावच्या माणसानं वाचायचा, एकही शब्द न गाळता. परीक्षक तिसरीकडचा हवा आणि त्यानं निकालाआधी दोन्ही गावांत जेवायला हवं. सारखंच. बक्षीस म्हणजे नाव कोरलेली दुधाची किटली, कारण खर्च सोसायटीचा.

'सारखंच' हा शब्द मी हलक्यानं घेतला, ती माझी चूक. निंबेवाडीत सकाळी नऊला ज्वारीची भाकरी, हुलग्याचं पातळ कढण, ज्याला माडगं म्हणतात, आणि शेंगदाण्याची चटणी. मी दीड भाकरी खाल्ली. दारात चार माणसं उभी होती ती मला बघायला आलीत असं मला वाटलं. ती भाकरी बघायला आली होती. दुपारी होसळ्ळीत कडक भाकरी, भरली वांगी आणि हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. वांगी अशी होती की मी अडीच भाकऱ्या खाल्ल्या. ओढा ओलांडून परत येईपर्यंत बातमी माझ्या आधी पोचली होती आणि निंबेवाडीची निम्मी माणसं माझ्याशी बोलेनाशी झाली होती. जाणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा.

पण त्याच्या आधीचं सांगायला हवं. दोन जेवणांच्या मध्ये मी गंगाबाईंच्या ओसरीवर निबंध वाचायला बसले. चौदा होते. पलीकडच्या गावचा रेडा फार चांगला असल्याने आमच्या म्हशीला पारडी झाली, हा एका चौथीतल्या मुलीचा निबंध मला सगळ्यांत आवडला. एकानं पलीकडच्या गावानं बायको दिली म्हणून उपकार मानले होते आणि पुढच्याच ओळीत मागे घेतले होते.

चौदावा निबंध पानभर होता. 'मी चिटणीस असल्याने मला स्पर्धेत भाग घेता येत नाही याची जाणीव आहे,' अशी सुरुवात. पुढे लिहिलं होतं: 'मी शरणप्पाला नेम धरून दगड मारला. मास्तर मध्ये आले. दोष होसळ्ळीवर गेला आणि मी जाऊ दिला. त्या गावाने माझा दोष आजवर वाहिला, हा त्यांचा माझ्यावरचा उपकार आहे.' खाली सही, दिनकर. आणि पोस्टाचा शिक्कासुद्धा, सवयीनं मारला असावा.

संध्याकाळी दोन्ही गावांची तरणी पोरं एका छपराखाली बसणार होती. मी तो कागद घडी करून माझ्या पिशवीत घातला. मग राहवेना, म्हणून चुलीपाशी बसलेल्या गंगाबाईंकडे गेले आणि म्हटलं, एक निबंध तुम्ही वाचायला हवा.

'वाचलाय म्या,' ती म्हणाली. 'दरसाल समदे निबंध आधी म्याच वाचते.'

मी विचारलं, तुम्हाला धक्का नाही बसला?

'म्या बांधावरच उभी हुते त्या दिवशी. दगड त्येच्या हातातनं सुटलेला बगितलाय.' तिनं जाळ सारला. 'तवाच बोलले असते तर जावई मारला म्हनून आमच्या होसळ्ळीवाल्यांनी त्येला जित्ता ठिवला नसता. त्येची पोरं बारकी हुती. मास्तर गेलेच हुते, पोस्टमास्तरबी गेला असता. म्हनून गप बसले. पन गप बसले तर दोष माज्या भावाला लागला. मग कुठल्या तोंडानं म्हायेरला जाऊ?'

म्हणजे सगळं गाव उलटं समजत होतं. ती भावावर रागावून थांबली नव्हती, भावाला तोंड दाखवायची तिला लाज वाटत होती. आणि दिनकरराव इनामाची कल्पना घेऊन आले तेव्हा तिनं ओळखलं होतं की हा कधी ना कधी लिहील. पाच वर्षं ती दरवर्षी गठ्ठा सोडून त्याचा कागद शोधत होती.

वाचायचा का, मी विचारलं. ती म्हणाली, परीक्षक तुम्ही हायसा.

चार वाजता सोसायटीच्या पत्र्याच्या शेडमध्ये सभा भरली. मी दोन निबंध निवडले, एक रेड्याचा आणि एक पिशवीतला. रेड्याचा निबंध होसळ्ळीच्या एका म्हातारीनं वाचला, माणसं पोट धरून हसली. दुसरा निबंध वाचायला होसळ्ळीकडून शरणप्पाच उठला. तो शेंगांचा व्यापार करायचा, मराठी वाचणं त्याला सवयीचं होतं. दिनकरराव टेबलाशी उभे होते, त्यांनी घाम पुसायचं सोडून दिलं होतं.

शरणप्पानं पहिलं वाक्य हसत वाचलं. दुसऱ्याला तो थांबला. मागून कुणीतरी म्हणालं, वाच की. एकही शब्द गाळायचा नाही हा नियम. त्यानं शेवटपर्यंत वाचलं, सहीसुद्धा वाचली. मग कागद खाली ठेवून दिनकररावांकडे बघितलं.

'मला मारत हुता?'

'व्हय.'

'नेम लई वाईट हाय तुमचा.'

कुणी हसलं नाही. होसळ्ळीची पोरं उठली, शरणप्पानं हातानंच खाली बसवली. तेव्हा गंगाबाई उभी राहिली. तिनं बोलायची काही गरज नव्हती, सगळं आपोआप तिच्या बाजूनं झालं होतं. ती भावाला म्हणाली, 'मला पयल्यापासनं ठावं हुतं, आप्पा. म्या बगितलं हुतं.'

दगडाची गोष्ट शरणप्पानं उभ्यानं वाचली होती, ही ऐकून तो खाली बसला. मग उठला आणि ओढ्याच्या दिशेनं चालू लागला. गंगाबाई जागची हलली नाही. मला रडू आलं, आणि परीक्षकानं रडावं की नाही याचा नियम नव्हता. ओढ्याच्या मध्यावर, कोरड्या वाळूत, शरणप्पा थांबला. मागं वळला नाही, नुसता पाठ करून उभा राहिला. गंगाबाईनं पदर सावरला आणि निघाली. ती त्याच्यापर्यंत पोचली तेव्हा तो पुढं चालू लागला, पण सावकाश, तिच्या चालीनं.

किटली रेड्याच्या निबंधाला मिळाली. कुणी टाळ्या वाजवल्या असतील तर मला ऐकू आल्या नाहीत. दिनकरराव मला टेंपोपर्यंत पोचवायला आले. मी काहीतरी समजुतीचं बोलणार होते, तर त्यांनीच विचारलं की एसटीत खिडकीची जागा मिळेल ना.

सोलापूरला परतल्यावर आईनं विचारलं, कसं झालं. मी वांग्यांचं सांगितलं. त्यानंतर मी बऱ्याच स्पर्धांची परीक्षक झाले, पुष्कळ शाली आणल्या. पण तो कागद मी पिशवीत कशासाठी घातला होता हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. गंगाबाईंना दाखवायला नव्हे. मी तो गुपचूप सोलापूरला आणून फाडणार होते, आणि त्याला मी मनातल्या मनात दया म्हणत होते. चुलीपर्यंत गेले ते केवळ एकटीला ओझं पेलवेना म्हणून. नसते गेले तर शरणप्पा मरेपर्यंत मेहुण्याचा मारेकरी राहिला असता, गंगाबाई पुढच्या वर्षी पुन्हा गठ्ठा सोडून बसली असती, आणि मी सगळ्यांना सांगत फिरले असते की त्या भागात जरूर जा, माणसं फार प्रेमळ आहेत.